खपाचे आंकडे आणि खेळणारा

मार्च महिन्यांतील परीक्षेचें काम आटोपून आम्ही एके दिवशीं सायंकाळीं महाविद्यालयाच्या पायऱ्या उतरत होतों. खालीं लिंबाच्या सावलींत दोन विद्यार्थी अगदीं हमरीतुमरीवर आले होते. वाद निवडणुकीचा असेल, नाहीं तर क्रिकेटचा, अशी आमची समजूत. पण जवळ जाऊन ऐकतों तों विषय निराळाच निघाला. टीव्हीला जोडून ज्यांवर खेळ खेळतात त्या यंत्रांपैकीं एका जपानी कंपनीचें यंत्र जगांत अधिक खपलें, कीं तिच्या अमेरिकन प्रतिस्पर्ध्याचें, यावरून हा रणसंग्राम माजला होता. एक जण कोटींचे आंकडे परवचा म्हटल्याप्रमाणें म्हणून दाखवीत होता. दुसरा ते आंकडे कसे फसवे आहेत हें तितक्याच त्वेषानें सिद्ध करीत होता. आम्हीं सहज विचारलें, "तुमच्यापैकीं कोणाच्या घरीं कोणतें यंत्र आहे?" दोघेहि क्षणभर थबकले. मग एक जण ओशाळून म्हणाला, "घरीं कुणाच्याच नाहीं, सर. लातूरला गेलं कीं एका दुकानांत तासावर खेळतों."

हें उत्तर ऐकून कोणास हसूं येईल. आम्हांस मात्र तें रात्रभर पुरलें. जी वस्तु आपल्या मालकीची नाहीं, जिच्या नफ्यांतील एक पैहि आपल्या हातीं यावयाची नाहीं, तिच्या खपाचा अभिमान या मुलांनीं कां बाळगावा? आणि उलट, हा निव्वळ पोरखेळ आहे असें म्हणून तो झटकून टाकणेंहि आम्हांस पटेना. खेळणाऱ्यास खपाच्या आंकड्यांशीं कांहीं कर्तव्य आहे काय, असा हा प्रश्न आहे. इतिहासाच्या अध्यापकानें असल्या विषयांत लक्ष घालावें हें कित्येक वाचकांस विचित्र वाटेल. परंतु शिरगणती, जमाबंदी, जकातीच्या नोंदी यांतच आमचा जन्म गेला. आणि कोणताहि आंकडा समोर आला कीं तो कोणीं मोजला, कशासाठीं मोजला व त्यांतून कोण गळलें, हें विचारल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. त्याच संवयीनें आम्ही या आंकड्यांकडे पाहणार आहों.

प्रथम या यंत्रांचा थोडासा पूर्ववृत्तांत सांगितला पाहिजे. घरांतील टीव्हीवर खेळ खेळण्याचें पहिलें विकाऊ यंत्र अमेरिकेंत १९७२ सालीं निघालें. राल्फ बेअर या जर्मनींत जन्मलेल्या इंजिनियरानें त्याची मूळ कल्पना काढली व मॅग्नाव्हॉक्स कंपनीनें तें 'ओडिसी' या नांवानें विकलें. पुढें १९७७ सालीं अटारी कंपनीचें प्रसिद्ध यंत्र आलें. त्यांत खेळ निराळ्या डबींत असे. डबी बदलली कीं खेळ बदलला. गिऱ्हाइकानें यंत्र एकदां घ्यावें व डब्या मात्र पुनःपुन्हां घेत राहाव्या, ही व्यवस्था कंपन्यांस फार मानवली. इतकी मानवली कीं १९८२-८३ च्या सुमारास अमेरिकेचा बाजार बऱ्यावाईट डब्यांनीं तुडुंब भरला, गिऱ्हाईक विटलें आणि सगळा व्यापार कोसळला. सुमारें ३२० कोटी डॉलरांची तेथील उलाढाल १९८५ पर्यंत सुमारें १० कोटींवर येऊन ठेपली. न खपलेल्या डब्या अटारीनें न्यू मेक्सिको प्रांतांतील अलामोगोर्डो गांवाच्या उकिरड्यांत गाडून टाकल्या. २०१४ सालीं तो उकिरडा उकरला, तेव्हां त्या खरोखरच तेथें सांपडल्या.

अमेरिकेंत ही पडझड चालू असतांनाच, १९८३ च्या जुलै महिन्याच्या १५ तारखेस, जपानांत निंटेंडो कंपनीनें 'फॅमिकॉम' नांवाचें यंत्र विक्रीस काढलें. मासायुकी उएमुरा हा त्याचा मुख्य रचनाकार. हेंच यंत्र वेष व नांव पालटून १९८५ सालीं अमेरिकेंत गेलें आणि त्यानें तेथील मोडलेला व्यापार पुन्हां उभा केला. दोन्ही रूपें मिळून त्याचा जगांतील खप ६ कोटी १९ लाखांच्या घरांत गेला. अटारीच्या गतीवरून निंटेंडोनें एक धडा घेतला होता. आपल्या यंत्रावर कोणाचा खेळ चालावयाचा हें आपण ठरवूं. बाहेरच्या कारागिरानें खेळ करावा, पण आमचा परवाना घेऊन व आमचा वांटा देऊन करावा, असा नियम तिनें घालून दिला. आजहि या धंद्याची घडी बव्हंशीं तीच आहे. यंत्र बेताच्या नफ्यानें, प्रसंगीं तोटा सोसूनहि विकावयाचें आणि खरी कमाई खेळांवर करावयाची.

ही घडी ध्यानांत आली म्हणजे खपाच्या आंकड्याचें माहात्म्य उलगडतें. खेळ तयार करणाऱ्यास दोन-तीन वर्षें पदरचे पैसे घालावे लागतात. तो आधीं विचारतो, 'हें यंत्र किती घरांत आहे?' घरें पुष्कळ असलीं तर तो येतो. थोडीं असलीं तर दुसऱ्या दारीं जातो. म्हणून कंपन्या दर तीन महिन्यांनीं आपले आंकडे भागधारकांपुढें मांडतात. हे आंकडेहि वाचतांना सावध राहावें लागतें. कित्येकदां ते कारखान्यांतून दुकानांकडे रवाना झालेल्या मालाचे असतात, घरांत पोंचलेल्या मालाचे नव्हत. गोदामांत धूळ खात पडलेलें यंत्रहि त्यांत 'खपलें' म्हणून गणलें जातें. लिंबाखालचा आमचा दुसरा विद्यार्थी हेंच सांगत होता, आणि एवढ्यापुरता तो बरोबर होता.

तेव्हां हा आंकडा व्यापाऱ्याचा आहे हें उघड झालें. पण त्यामुळें तो खेळणाऱ्याचा नव्हे असें ठरतें काय? आमच्या मुलखांतील एक दृष्टांत घेऊं. नांदेड जिल्ह्यांत, लोहा तालुक्यांतील माळेगांवीं मार्गशीर्षांत खंडोबाची मोठी जत्रा भरते. तेथें आकाशपाळणे येतात. किती माणसें पाळण्यांत बसलीं याचा हिशेब पाळणेवाला रात्रीं कंदिलाशीं बसून करीत असेल. वर गेलेल्या पोराला त्याची काय पर्वा! त्याच्या पोटांत गोळा उठलेला असतो, खालीं सगळी जत्रा दिव्यांनीं लुकलुकत असते, आणि तेवढेंच त्याचें जग असतें. पण समजा, लागोपाठ दोन वर्षें जत्रा ओस पडली. तिसऱ्या वर्षीं पाळणा येत नाहीं. तेव्हां त्या पोराला पाळणेवाल्याच्या हिशेबाचा अर्थ कळतो. खपाचा आंकडा खेळणाऱ्याच्या घरीं येतो तो असा, वेष पालटून व उशिरानें.

याचीं उदाहरणें या यंत्रांच्या इतिहासांत हवीं तितकीं आहेत. सेगा ही जपानांतील दुसरी मोठी कंपनी. तिनें १९९८ च्या नोव्हेंबरांत 'ड्रीमकास्ट' नांवाचें यंत्र काढलें. तें हीन होतें असें कोणी जाणता म्हणत नाहीं. तथापि तें अवघें ९१ लाखांच्या आसपास खपलें, आणि २००१ च्या जानेवारीच्या शेवटच्या दिवशीं सेगानें आपण तें बंद करीत असल्याचें जाहीर केलें. इतकेंच नव्हे, तर यंत्रें करण्याचा धंदाच तिनें सोडून दिला. त्या यंत्रावर 'शेनम्यू' नांवाची एक मोठी कथा खेळाच्या रूपानें निघाली होती. बापाच्या खुन्याच्या शोधांत निघालेल्या मुलाची ती कथा. पहिला भाग १९९९ सालीं आला, दुसरा २००१ सालीं आला आणि कथा अर्ध्यावर लटकली. तिसरा भाग यावयास २०१९ साल उजाडावें लागलें. अठरा वर्षें! दुसरा भाग संपविला तेव्हां जो शाळेंत होता, तो तिसरा हातीं घेईपर्यंत स्वतःच बाप झाला असेल. आंकड्याशीं आम्हांस काय करावयाचें, असें त्याला म्हणतां येईल काय?

निंटेंडोलाहि हा अनुभव चुकला नाहीं. तिचें 'वी' हें यंत्र १० कोटींहून अधिक खपलें. त्याच्या मागून २०१२ सालीं आलेलें 'वी यू' मात्र १ कोटी ३५ लाखांच्या पुढें फारसें सरकलें नाहीं. त्याचें दूरस्थ दुकान २०२३ च्या मार्चांत मिटलें व इतरांबरोबर खेळण्याची सोय २०२४ च्या एप्रिलांत बंद झाली. उलट, सोनी कंपनीचें २००० सालचें 'प्लेस्टेशन २' हें यंत्र १६ कोटींवर गेलें. त्याचा फायदा कोठपर्यंत पोंचला पाहा. त्याच कंपनीचें पुढील यंत्र २००६ सालींच निघालें होतें. तरीहि २००९ सालीं हैदराबाद येथें भारतीय कारागिरांनीं या जुन्या यंत्राकरितां हनुमंताच्या बालपणावरचा एक खेळ तयार केला. त्याच वर्षीं कबड्डी, पतंग व विटीदांडू असल्या आपल्याकडील खेळांचाहि एक संग्रह निघाला. जुनें यंत्र स्वस्त झालें होतें, तें भारतांतील घरांत येऊन बसलें होतें, आणि ज्या घरांत यंत्र आहे त्या घरच्या मुलांसाठीं खेळ करणें कोणाला तरी परवडलें. आंकडा मोठा झाला म्हणून विटीदांडू पडद्यावर आला, असें म्हणण्यांत फारशी अतिशयोक्ति नाहीं.

येथवर वाचकांस वाटेल कीं आम्हीं विद्यार्थ्यांचा पक्ष घेतला. तसें नाहीं. खप हें योग्यतेचें माप नव्हे, हें निबंध आणि पुस्तकें वाचणाऱ्या मंडळीस निराळें सांगावयास नको. चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'चे अंक निघाले एकंदर ८४; मराठी गद्यावरील तिचा ठसा तिच्या वर्गणीदारांच्या यादीवरून कोण मोजील? ड्रीमकास्टची आठवण काढणारे रसिक आजहि आहेत; आणि १६ कोटी लोकांनीं जें घेतलें तें आपणहि घेतलें, यानें कोणाचा खेळ एक क्षणभरहि अधिक रंगत नाहीं. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें तर २०१५ सालीं आपल्या यंत्रांच्या खपाचे आंकडे जाहीर करणेंच सोडून दिलें. त्या दिवसापासून तें यंत्र खेळणाऱ्यांचा आनंद उणा झाला असें घडलें नाहीं. उणें झालें तें फक्त भांडणाऱ्यांचें दारूगोळ्याचें कोठार.

मग आमच्या विद्यार्थ्यांचा तो त्वेष कशाचा? आम्हांस वाटतें, तो आपण एका मोठ्या मेळ्यांतले आहों असें स्वतःस सांगण्याचा एक मार्ग आहे. आणि याच ठिकाणीं आमच्या मनांत आमच्याच गांवची एक जुनी हकीकत उभी राहिली.

१९९५-९६ च्या सुमारास आम्ही नुकतेच अहमदपुरास नोकरीवर आलों होतों व एका सद्‌गृहस्थांच्या माडीवर भाड्यानें राहत होतों. उन्हाळ्याच्या सुटींत खालच्या बैठकींत आळींतील दहा-बारा मुलें दुपारभर ठाण मांडून बसत. घरमालकांचा धाकटा मुलगा तेव्हां पांचवी-सहावींत असेल. त्याला लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारांतून एक 'व्हिडिओ गेम' आणून दिलेला होता. आमच्या गांवीं यंत्राचें नांव तेंच. हातांतल्या ठोकळ्याला 'रिमोट' म्हणत व डबीला 'कॅसेट'. घरचा टीव्ही काळा-पांढरा. मारिओ नांवाचा तो मिशाळ नळकारागीर आम्हीं सर्वांनीं प्रथम करड्या रंगांतच पाहिला. कॅसेट चालली नाहीं कीं ती काढून तिच्या तोंडांत फुंकर घालावयाची हा सर्वमान्य उपचार. वीज गेली कीं बारा तोंडांतून एकच सुस्कारा निघे, आणि ती आली कीं खेळ पुन्हां पहिल्यापासून.

तें यंत्र निंटेंडोचें नव्हतें. आंतील रचना फॅमिकॉमचीच, परंतु तैवानांत व पुढें चीनमध्यें केलेली ती नक्कल होती. परवाना नाहीं, वांटा नाहीं, आणि नांवहि दर दुकानागणिक निराळें. अस्सल माल आमच्याकडे कां आला नाहीं, याचें उत्तर त्या वर्षींच्याच एका गोष्टींत आहे. १९९५ च्या एप्रिलांत सेगानें आपलें 'मेगा ड्राइव्ह' हें यंत्र शॉ वॉलेस या भारतांतील कंपनीमार्फत येथें आणलें. अशा आयात मालावर तेव्हां ८० टक्के जकात होती. ती चुकविण्यासाठींच ही भागी होती. तरीहि किंमत पडली १८,००० रुपये. आमचा त्या वेळचा तीन महिन्यांचा पगार तेवढा होता. नकली यंत्र हजाराच्या आंतबाहेर मिळे. अहमदपूरच्या घरमालकानें काय घ्यावें हें सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको.

आतां पाहा. निंटेंडोच्या त्या ६ कोटी १९ लाखांत आमच्या खालच्या बैठकींतलें यंत्र नाहीं. तीं दहा-बारा मुलेंहि कोठें नाहींत. मराठवाड्यांत, महाराष्ट्रांत, सगळ्या हिंदुस्थानांत ज्या पिढीनें मारिओ आणि 'काँट्रा' खेळून उन्हाळे घालविले, तिच्यांतील बहुतेक मुलें कोणत्याहि कंपनीच्या कोणत्याहि तक्त्यांत बसत नाहींत. जगांतील सर्वांत प्रसिद्ध यंत्राचा जो अधिकृत इतिहास आहे, त्यांत आमच्या गांवचें बाळपण गळून गेलें आहे.

गंमत अशी कीं या मुलांनाहि एका आंकड्याचें भारी वेड होतें. कॅसेटीवर छापलेलें असे 'नऊ हजार नऊशें नव्याण्णव खेळ एकांत'. तो आंकडा पाहून मुलें हरखून जात व त्यासाठीं घरीं हट्ट धरीत. प्रत्यक्षांत खेळ निघत दहा-पंधरा; तेच नांवें बदलून व मधल्या पायऱ्या गाळून पुनःपुन्हां येत. घरमालकांच्या मुलानें एका दुपारीं वही घेऊन ते सगळे तपासावयाचे ठरविलें. दोनशेंच्या पुढें गेल्यावर त्यानें वही मिटली व आमच्याकडे पाहून तो म्हणाला, "सर, छापलेलं सगळं खरं नसतं." इतिहासाचा पहिला पाठ त्यास आम्हीं शिकविला नाहीं, कॅसेटीनें शिकविला.

त्याच मुलानें एके दिवशीं आम्हांस माडीवरून हाका मारमारून खालीं बोलाविलें. मारिओनें मोठ्या शर्थीनें पहिला किल्ला सर केला होता. आंत एक ठेंगणा सेवक उभा होता आणि पडद्यावर दोन-तीन ओळी इंग्रजी उमटल्या होत्या. "सर, हा काय म्हणतो?" आम्हीं वाचून सांगितलें कीं तो आभार मानतो आहे, पण राजकन्या या किल्ल्यांत नाहीं, दुसऱ्या किल्ल्यांत आहे म्हणतो. बैठकींत क्षणभर शांतता पसरली. मग एक मुलगी हळूच म्हणाली, "राजकन्या होती होय यांत?" दोन उन्हाळे तीं मुलें तो खेळ खेळत होतीं. आपण कोणाला सोडवावयास निघालों आहों, हें त्यांस त्या दिवशीं कळलें.

हा प्रसंग आम्हांस पुढें वारंवार आठवला. कथा कळली नाहीं म्हणून त्यांचा आनंद कमी होता असें नव्हे. पण त्या दोन ओळी मराठींत असाव्या, निदान देवनागरींत असाव्या, असें जगांत कोणाच्या मनांतहि आलें नाहीं, याचें कारण काय? तीं मुलें खेळत होतीं, पण गिऱ्हाईक नव्हतीं. ज्यास परवान्याचे पैसे मिळाले नाहींत, त्या कंपनीस त्यांच्याशीं देणेंघेणें नव्हतें. आणि नक्कल करणाऱ्या कारागिरास तर या मुलांसाठीं खेळाची भाषा बदलण्याचें कांहीं कारण नव्हतें. यंत्र बिघडलें तर हमी नाहीं, सुटा भाग नाहीं. न मोजलेल्या माणसाच्या वांट्यास दुसऱ्याचें उरलेंसुरलें येतें. दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. जपानांत निंटेंडोनें २००३ सालीं फॅमिकॉमचें उत्पादन थांबविलें. आमच्या बाजारांत त्याच्या नकला त्यानंतरहि मिळतच होत्या. जें कोणाच्या हिशेबांत नाहीं तें कोणास हिशेबानें बंदहि करतां येत नाहीं. तेवढें एक स्वातंत्र्य त्या दारिद्र्यांत होतें.

आतां अलीकडील एक उदाहरण घेऊं, कारण तें आपल्या पुण्यांतीलच आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या लहानशा संस्थेनें 'राजी' नांवाचा खेळ केला. हरवलेल्या भावाच्या शोधांत निघालेली एक मुलगी, तिला दुर्गेचें बळ, आणि भोंवतीं आपल्या पुराणांतलें व शिल्पांतलें जग. २०१७ सालीं लोकवर्गणीनें पैसे जमविण्याचा त्यांचा यत्न फसला. तरी त्यांनीं चिकाटी सोडली नाहीं. २०२० च्या ऑगस्टांत हा खेळ प्रथम कोणत्या यंत्रावर आला? निंटेंडोच्या 'स्विच'वर, आणि तें यंत्र निंटेंडो त्या वेळीं भारतांत अधिकृतपणें विकीतहि नव्हती. पुण्यांत घडलेली दुर्गेची कथा प्रथम परदेशच्या मुलांनीं पाहिली; मागाहून, त्याच वर्षीं, ती इतर यंत्रांवर आली. आम्ही त्या कारागिरांस बोल लावीत नाहीं. पोट भरावयाचें तर जेथें घरें मोजलेलीं आहेत तेथेंच दुकान मांडावें लागतें. पण खपाचा आंकडा खेळणाऱ्यास लागतो कीं नाहीं, असें जो विचारील त्यास आम्ही हा एक प्रसंग सांगूं.

तर मग मोजले गेलों कीं सगळें साधलें काय? येथें आमच्या मराठवाड्याचा जुना इतिहास आम्हांस सावध करतो. अहमदपूर हें १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें. त्या संस्थानांत शिरगणती नेमानें होई, आणि लोकसंख्येचा सुमारें चौथा हिस्सा मराठी बोलणारा आहे हें तिच्यांत स्वच्छ लिहिलेलें असे. तरी १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें तें उर्दू माध्यमाचें. आमचे आजे-पणजे आंकड्यांत होते. पण तो आंकडा त्यांच्यासाठीं मोजलेला नव्हता. गणतींत असणें ही पहिली पायरी. गणती करणाऱ्यास आपली गरज विचारावीशी वाटणें ही दुसरी. पहिलीवांचून दुसरी येत नाहीं हें खरें, पण पहिलीमागून ती आपोआप येते असें मात्र नव्हे.

आज तर या गोष्टीची प्रचीति घरोघर आहे. आतां खेळ यंत्रावर कमी व खिशांतल्या फोनवर अधिक चालतो. आणि फोनवर कोणीहि न मोजलेला राहत नाहीं. बोटाचा प्रत्येक स्पर्श कोठें तरी नोंदला जातो. पबजी हा खेळ सरकारनें २०२० च्या सप्टेंबरांत बंद केला, तेव्हां आमच्या वर्गांत शोककळा पसरली होती. पुढील वर्षाच्या जुलैंत तोच खेळ भारतासाठीं नवें नांव घेऊन परतला. एवढा मोठा आंकडा कोणती कंपनी सुखासुखीं सोडील? पण तो जातांना आणि येतांना, दोन्ही वेळां, खेळणाऱ्यास कोणीं कांहीं विचारलें नाहीं. न मोजल्याचें दुःख माडीखालच्या त्या मुलांनीं भोगलें. मोजूनहि न विचारल्याचें दुःख ही पिढी भोगते आहे.

यावरून आमचें मत काय तें थोडक्यांत सांगतों. खपाचा आंकडा खेळणाऱ्यास लागतो. पण आमचे विद्यार्थी समजतात तसा नव्हे. कोणाचा आंकडा मोठा, हा प्रश्न त्या दोन कंपन्यांनीं आपसांत सोडवावा. त्यांत खेळणाऱ्याचें कांहीं जात नाहीं व येत नाहीं. त्यानें विचारावयाचे प्रश्न दोनच. या आंकड्यांत आम्ही आहों काय? आणि आहों, तर आम्हांस काय हवें हें कोणी विचारतो काय? पहिल्याचें उत्तर 'नाहीं' असेल, तर आपल्या वांट्यास उरलेलें येईल. दुसऱ्याचें 'नाहीं' असेल, तर आपण नुसता कोणाच्या तरी तक्त्यांतील ठिपका होऊन राहूं.

दुसऱ्या दिवशीं ते दोघे विद्यार्थी पुन्हां भेटले. आम्हीं त्यांस हें सगळें आपल्या परीनें सांगितलें. दोघांनींहि शांतपणें ऐकून घेतलें. मग पहिला म्हणाला, "पण सर, जास्त कोणाचं खपलं?" आम्हीं त्यास १६ कोटींचा तो जपानी आंकडा सांगितला, तेव्हां त्याचा चेहरा फुलला. दुसरा मात्र कांहीं वेळ गप्प होता. तो म्हणाला, "सर, आमच्या बाबांकडं ती कॅसेटवाली व्हिडिओ गेम होती म्हणतात. अजून माळ्यावर आहे. चालते कां बघूं?" आम्हीं म्हटलें, अवश्य पाहा; आणि किल्ल्यांतला सेवक काय म्हणतो तें बाबांस वाचून दाखवा.